संगणकातली गिरणी

(दहावी १९९५ च्या तुकडीच्या तिसाव्या वर्षाच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलताना घाईत राहून गेलेली काही वाक्यं छापण्यासाठी देताना घातली आहेत.)



संयोजकांनी मला फोन केला तो विषय ठरवूनच. "तू कॉम्प्युटरवाली आहेस, एआयवर बोल, लोकांना आवडतं." मी म्हटलं, आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळी सहापासून एआयवर व्याख्यानं सुरू असतात, त्यात माझी भर कशाला? मला माझ्या धंद्यातली एक मळकट गोष्ट सांगायची आहे, जिला कुणी टाळ्या वाजवत नाही. जावास्क्रिप्टची नेटिव्ह मॉड्यूलं कंपाइल करता यावीत म्हणून कॉम्प्युटरवर जी मांडामांड करावी लागते, ती. आत्ता मागच्या रांगेत दोघांनी एकमेकांकडे बघितलं, ते मला दिसलं. वीस मिनिटं द्या. यात आपल्याच वर्गातली एक मैत्रीण आहे, तिची लेक आहे, मार्केट यार्डातला वजनकाटा आहे आणि आपले गणिताचे सर आहेत.

आपल्या शाळेत कॉम्प्युटर आला तेव्हा आपण नववीत होतो. ऑफिसशेजारच्या खोलीत तो प्लॅस्टिकच्या आवरणाखाली बसलेला असायचा आणि आपण चपला बाहेर काढून, देवळात जावं तसे रांगेनं आत जायचो. माझ्या वाट्याला चार मिनिटं आली. मी माझं नाव टाइप केलं, त्यात एक अक्षर चुकलं, आणि ते पुसायचं कसं हे कळायच्या आत माझी पाळी संपली. त्या दिवशी माझी अशी समजूत झाली की कॉम्प्युटर ही तयार वस्तू आहे. चालू केली की चालते, आणि आपल्याला चालली नाही तर दोष आपला. ही समजूत जायला मला जवळजवळ वीस वर्षं लागली.

आपली दहावीची परीक्षा संपून निकालाची वाट बघत होतो तो १९९५ चा मे महिना आठवा. त्याच महिन्यात अमेरिकेत नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आईक नावाच्या माणसानं दहा दिवसांत एका भाषेचा पहिला नमुना तयार केला. तीच पुढे जावास्क्रिप्ट. म्हणजे ती आपल्या तुकडीचीच. सुरुवातीला तिचं काम घरातल्या घरात, ब्राउझरच्या आत: बटण दाबलं की रंग बदल, फॉर्ममध्ये काही चुकलं तर सांग. मग २००९ मध्ये रायन डाल यानं नोड हे साधन आणलं आणि जावास्क्रिप्ट ब्राउझरचा उंबरा ओलांडून बाहेर पडली. आता ती सर्व्हरवर चालते, दुकानातल्या कॉम्प्युटरवर चालते, कुठेही चालते.

पण बाहेर पडल्यावर लोखंडाशी गाठ पडते. यंत्राला जोडलेल्या वायरीतून आकडे वाचायचे, पासवर्डची भक्कम गुप्त खूण तयार करायची, असली कामं जावास्क्रिप्ट एकटी करत नाही किंवा फार सावकाश करते. तिथे सी प्लस प्लस भाषेत लिहिलेला एक तुकडा मदतीला घेतात. त्याला म्हणायचं नेटिव्ह मॉड्यूल. हा तुकडा तुमच्या यंत्राच्या भाषेत आधी दळून घ्यावा लागतो. दळून, हा शब्द मी मुद्दाम वापरते आहे, का ते सांगते.

२०२१ चा जुलै. कॉलेजं बंद, सगळं ऑनलाइन. रात्री साडेनऊला आपल्या एका मैत्रिणीचा फोन आला. ती इथेच बसली आहे आणि नाव घेतलंस तर बघ अशी तंबी तिनं दिली आहे, म्हणून घेत नाही. आवाज रडवेला. "अगं, पोरगी दोन दिवस धड जेवली नाही. म्हणते कॉम्प्युटर सोडते, मला डोकंच नाही. हिच्या वडलांनी फीसाठी कुठनं कुठनं पैसे उभे केलेत तुला माहीत आहे. जरा बोल की तिच्याशी."

मुलगी, आपल्याच शाळेची विद्यार्थिनी, डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होती. वडलांचं मार्केट यार्डाजवळ धान्याचं छोटं दुकान. तिथं इलेक्ट्रॉनिक वजनकाटा आहे. काट्यावरचा आकडा वाचायचा, वहीत लिहायचा, वहीतून पावतीवर लिहायचा. दोन वेळा लिहिताना एकदा चूक होणारच, आणि धान्याच्या वजनात चूक झाली की काय होतं ते बार्शीच्या माणसाला मी सांगायला नको. हिनं प्रकल्प असा घेतला की काट्यामागे जे सीरियल पोर्टचं भोक असतं तिथून वायर काढायची आणि वजन थेट कॉम्प्युटरवर, थेट पावतीवर. कल्पना तिची. मला आजही तिचा अभिमान वाटतो, कारण माझा डिग्रीचा प्रकल्प आधीच्या वर्षाच्या मुलांच्या अहवालातून उतरवलेला होता. (सर, हे आज कबूल करते.)

वायरीतून आकडे वाचण्यासाठी नोडमध्ये सीरियलपोर्ट नावाचं मॉड्यूल आहे. ते घेण्याची एका ओळीची आज्ञा असते, एनपीएम इन्स्टॉल. ती दिली की मॉड्यूल इंटरनेटवरून येतं आणि बसतं. हिच्या लॅपटॉपवर ते बसेना. आज्ञा दिली की दोनेकशे ओळी पडद्यावरून धावायच्या, बऱ्याच लाल, आणि शेवटी लिहून यायचं: जिप एरर, नॉट ओके. दोन दिवसांत तिनं ती आज्ञा किती वेळा दिली असेल देव जाणे. प्रत्येक वेळी शेवटची ओळ तीच. नॉट ओके. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलीला मध्यरात्री यंत्र दहादा सांगतं आहे की तुझं ठीक नाही. ती ते स्वतःविषयी आहे असंच वाचणार.

तिनं मला पडद्याचा फोटो पाठवला. शेवटच्या पाच ओळींचा.

इथे मला आपले गणिताचे सर आठवले. त्यांची उत्तरपत्रिका तपासायची पद्धत आठवते का? ते शेवटच्या उत्तरावर कधी फुली मारायचे नाहीत. वरून खाली येत येत जी पहिली पायरी चुकली असेल तिथे लाल गोल करायचे आणि पुढचं सगळं तसंच सोडून द्यायचे. कुणी म्हटलं, सर उत्तर चूक आहे तर तिथं खूण नाही केली, तर म्हणायचे, "उत्तर बिचारं काय करील, वर बघ." मी त्या मुलीला म्हटलं, "बाळा, शेवटची ओळ सोड. वर सरकत जा आणि पहिलं लाल कुठे सुरू झालं ते मला वाचून दाखव."

तिनं वाचलं. अर्थ असा होता की पायथॉन कुठेच सापडलं नाही.

"पण मावशी, मी तर जावास्क्रिप्ट करतेय. मला पायथॉन येत पण नाही."

प्रश्न अगदी रास्त होता आणि त्याचं उत्तर तिला कुठल्याच पुस्तकात मिळालं नव्हतं. म्हणून मी तिला विचारलं, "तुमच्याकडे दळण कुठून आणता?"

तिच्या पिढीनं पिठाच्या पिशव्या बघितल्या आहेत, आपल्या पिढीनं डबे डोक्यावरून वाहिले आहेत. पेठेतली ती गिरणी आठवते ना? पट्ट्याची थडथड, भिंतीवर, छपरावर, गिरणीवाल्याच्या भुवयांवर पांढरं पीठ, आणि डब्यांची रांग. आई बजावून पाठवायची, गहू ज्वारीवर टाकू देऊ नकोस. तर नेटिव्ह मॉड्यूल आपल्याकडे दोन रूपांत येतं. मॉड्यूल करणाऱ्या लोकांनी तुमच्या प्रकारच्या कॉम्प्युटरसाठी ते आधीच दळून ठेवलं असेल, तर तयार पिठाची पिशवी येते, उघडायची आणि भाकरी थापायची. तशी पिशवी नसेल, तर येतं धान्य. आणि मग एनपीएम असं धरून चालतं की तुमच्या घरात घरघंटी आहे. ती नसेल तर दोनशे लाल ओळी.

हिच्या बाबतीत झालं होतं असं. कॉलेजमधल्या एका जुन्या प्रकल्पाचा सांगाडा तिनं घेतला होता, त्यात सीरियलपोर्टची जुनी आवृत्ती होती, आणि हिच्याकडचं नोड तिच्याहून नवं. या जोडीसाठी तयार पिशवी कुणी भरून ठेवलेलीच नव्हती. म्हणून धान्य आलं. आज माझ्याकडे असं कुणी आलं तर मी आधी म्हणेन, मॉड्यूलची नवी आवृत्ती घे, बहुधा तयार पीठ मिळेल. पण तेव्हा तिचं सगळं लिखाण जुन्या पद्धतीनं झालेलं, आणि प्रकल्प द्यायला उरलेले आठ दिवस.

आता घरघंटीत काय काय लागतं? नोड-जिप नावाचं एक साधन एनपीएमबरोबरच येतं. ते म्हणजे गिरणीवाला. तो स्वतः दळत नाही, तो दळून घेतो. दळणारा दगड म्हणजे सी प्लस प्लसचा कंपायलर. तो तुमचा तुम्ही आणायचा. कुठलं धान्य, किती बारीक, आधी कुठलं मग कुठलं, हा हिशेब मांडण्याचं काम जिपचं. हे जिप मूळचं गुगलच्या क्रोमियम ब्राउझरसाठी तयार झालं आणि ते पायथॉनमध्ये लिहिलेलं आहे. म्हणून पायथॉन. गंमत म्हणजे क्रोमियमवाल्यांनी पुढे ते सोडून दुसरं साधन घेतलं. नोडवाले मात्र आजीच्या पितळी परातीसारखं ते सांभाळून आहेत. याशिवाय नोडच्या स्वतःच्या हेडर फायली लागतात, म्हणजे कुठल्या मापाच्या डब्यात पीठ बसवायचं त्याचं माप. त्या नोड-जिप आपल्या आपण उतरवून घेतं, फक्त इंटरनेट पाहिजे.

मुलगी गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे मी चुकीचं काही लिहिलंच नव्हतं?"

मी म्हटलं, "तुझ्या लिखाणापर्यंत ते अजून पोचलेलंच नाही गं."

ती हसली की रडली ते फोनवर कळलं नाही. तिच्या आईनं नंतर सांगितलं की त्या रात्री तिनं उठून वरणभात खाल्ला.

पुढचं काम सोपं नव्हतं बरं का. विंडोज १० मध्ये पायथॉन नसताना तुम्ही ते नाव टाइप केलं की मायक्रोसॉफ्टचं दुकान उघडतं. तिला वाटलं होतं, काहीतरी उघडतंय म्हणजे आहे. ते नीट उतरवून बसवलं, ते लहान असतं. मग पुढचं लाल: व्हिज्युअल स्टुडिओ सापडत नाही. "आहे की मावशी! निळं चिन्ह दिसतंय!" ते होतं व्हिज्युअल स्टुडिओ कोड. नावं सारखी ठेवणाऱ्यांना मी काय बोलावं? एक आहे कोड लिहायची वही, दुसरा अख्खा कारखाना. तिला हवी होती व्हिज्युअल स्टुडिओची बिल्ड टूल्स, आणि त्यात डेस्कटॉपसाठी सी प्लस प्लस नावाचा जो गट असतो त्याच्यापुढे खूण. ती खूण राहिली तर सगळं बसूनही कंपायलर येत नाही.

आणि हा गट काही जीबीचा. घरात मोबाइलचं इंटरनेट, रोजचा दीड जीबी, त्यात धाकट्या भावाची शाळा ऑनलाइन. मी पुण्यात फायबरच्या जोडणीवर बसून तिला सहज म्हटलं, "डाउनलोडला लाव, अर्ध्या तासात होईल." पलीकडे शांतता. मग हळूच, "मावशी, आमचं दीड जीबी असतं." त्या वाक्याची मला अजून लाज वाटते, माझ्या वाक्याची.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसचं काम बाजूला ठेवून बिल्ड टूल्सचा ऑफलाइन संच तयार केला. इन्स्टॉलरला लेआउट नावाचा एक पर्याय देता येतो. मग तो बसवून टाकण्याऐवजी सगळं सामान एका फोल्डरमध्ये भरून देतो. शिधा बांधून दिल्यासारखं. ते बत्तीस जीबीच्या पेनड्राइव्हवर घातलं, शेजारी पायथॉन, नोड, आणि त्या नोडच्या हेडर फायली. स्वारगेटला बार्शीच्या गाडीत एक ओळखीचे गृहस्थ बसत होते, त्यांच्या शर्टाच्या खिशात तो दिला. संध्याकाळी पोचला.

बसवायला घेतलं तर सी ड्राइव्हवर जागा नाही. मोठ्या बहिणीच्या लग्नाचा व्हिडिओ होता, सगळे विधी, तीन कॅमेऱ्यांचा. तो हलवायचा कुठे? माझ्याच पेनड्राइव्हच्या उरलेल्या जागेत. तो लग्नाचा व्हिडिओ अजून माझ्याकडे आहे, मी विहिणीच्या मानपानापर्यंत सगळा बघितला आहे.

सगळं बसलं, आज्ञा दिली, आणि पुन्हा तेच लाल. तिचा धीर सुटायला आला. मी विचारलं, "ती काळी खिडकी बंद करून नवी उघडलीस का?" नव्हती उघडली. आधीपासून उघडी असलेली खिडकी, नवीन काय बसवलं ते ओळखत नाही. इतकं साधं, आणि कुणी सांगितल्याशिवाय कसं कळावं?

ती नवी खिडकी उघडते आहे तोवर मी तिला माझी गोष्ट सांगितली. ती तुम्हालाही सांगते, इथल्या कुणालाच ठाऊक नाही. २०१३ मध्ये मी एका कंपनीत होते, नाव नको. रात्री नवीन आवृत्ती सर्व्हरवर चढवायची होती. मॉड्यूलं तिथे नव्यानं बसवायला वेळ लागेल म्हणून मी शहाणपणा केला: माझ्या मॅक कॉम्प्युटरवरचं मॉड्यूलांचं फोल्डर जसंच्या तसं उचलून लिनक्सच्या सर्व्हरवर ठेवलं. त्यात पासवर्ड तपासणारं बीक्रिप्ट हे नेटिव्ह मॉड्यूल होतं. मॅकसाठी दळलेलं पीठ लिनक्सच्या चुलीवर. सर्व्हरनं एकच ओळ दिली, इनव्हॅलिड ईएलएफ हेडर, आणि बसला. ईएलएफ हा लिनक्सचा, यंत्राच्या भाषेतल्या फायलींचा साचा. तो सांगत होता की ही फाइल माझ्या साच्यातली नाही. मी ती ओळ वाचली, समजली नाही, आणि चार तास कुणाला विचारलं नाही. इंजिनिअरिंगची डिग्री, बारा वर्षांचा अनुभव, टीममध्ये मी एकटी बाई. विचारलं असतं तर म्हणाले असते, हिला एवढंही येत नाही. पहाटे शेवटी एका कनिष्ठ मुलाला फोन केला. त्यानं झोपेतच सांगितलं, "मॅडम, ते फोल्डर उडवा आणि तिथेच परत इन्स्टॉल करा." दहा मिनिटांत झालं. चार तास ग्राहकांना लॉगिन करता आलं नव्हतं, ते माझ्या न विचारण्यामुळे.

ही गोष्ट संपेपर्यंत तिकडे ओळी धावत होत्या. मग त्या थांबल्या आणि ती ओरडली, "मावशी, ओके आलं! जिप इन्फो ओके!"

काट्याला वायर जोडली तर आधी चित्रविचित्र चिन्हं आली, कारण काटा एका वेगानं बोलत होता आणि हिचा कार्यक्रम दुसऱ्या वेगानं ऐकत होता. ते काट्याच्या माहितीपुस्तकात बघून तिनं स्वतःच दुरुस्त केलं, मला विचारलंही नाही. रात्री अकराला व्हिडिओ कॉल आला. वडलांनी ज्वारीचा डबा काट्यावर ठेवला, आणि पडद्यावर आकडा उमटला. वडील पडद्याकडे बघत होते, मग काट्याकडे, मग पुन्हा पडद्याकडे. मग त्यांनी डबा उचलला आणि परत ठेवला. पाच-सहा वेळा. काही बोलले नाहीत.

प्रकल्प वेळेत गेला. पण गोष्ट तिथे संपत नाही, कारण गिरणी एकदा बसवली की झालं असं नसतं. जात्यालासुद्धा टाकी लावावी लागते. पुढच्या वर्षी तिनं नोड १४ वरून १६ वर नेलं आणि दुकानातला कार्यक्रम बंद पडला. आता संदेश वेगळा: हे मॉड्यूल ८३ क्रमांकासाठी दळलेलं आहे, मला ९३ पाहिजे. बार्शीकरांना हे समजायला अवघड नाही. आपण शाळेत होतो तेव्हा आपली बार्शी लाइट रेल्वे नॅरोगेज होती, अडीच फुटी रूळ. कुर्डुवाडीला मोठी लाइन लागायची आणि तिथे उतरून गाडी बदलावी लागायची. डबा कितीही चांगला असू दे, रुळांची रुंदी बदलली की तो त्यावर चालत नाही. नोडच्या प्रत्येक मोठ्या आवृत्तीला असा रुळांचा क्रमांक असतो. जुन्या पद्धतीच्या मॉड्यूलांना तो बदलला की पुन्हा दळण. नोडवाल्यांनी पुढे नोड-एपीआय नावाची एक पक्की जोडणी काढली, ती वापरून लिहिलेली मॉड्यूलं आवृत्ती बदलली तरी चालतात. २०१८ पासून ती पक्की मानली जाते. पण जुनी मॉड्यूलं जगात भरपूर आहेत आणि आपल्या मुलांच्या हातात नेमकी जुनीच येतात. तिनं या वेळी मला फोन केला नाही. रिबिल्डची आज्ञा देऊन मोकळी झाली, आणि मग मेसेज पाठवला.

ती आता डिग्री पूर्ण करून नोकरीला लागली आहे. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघी, मावशी-भाची, शाळेच्या लॅबमध्ये दोन दिवस बसलो होतो. आपल्या तुकडीनं वर्गणी काढून दिलेले बारा कॉम्प्युटर तिथे आहेत, त्यांच्यावर उबुंटू घातलं आहे. तिथे बिल्ड-इसेन्शियल नावाचा एकच संच मागवला की कंपायलर आणि मेक दोन्ही येतात, विंडोजसारखा खटाटोप नाही. तरी नाट्य झालंच. तिचा वजनकाट्याचा प्रकल्प मुलांना दाखवावा म्हणून तो तिथे चढवला, तर पहिलं लाल: डिस्टयुटिल्स सापडत नाही. पायथॉनचा हा जुना भाग २०२३ च्या ३.१२ आवृत्तीतून काढून टाकला, आणि जुनं नोड-जिप त्याच्यावरच विसंबून. सेटअपटूल्स नावाचं पॅकेज घातलं की जुनंही चालतं, नवीन नोड-जिपला त्याची गरजच नाही. आम्ही दोन्ही करून बघितलं.

दुसरी गंमत मेकची. मेक हे साधन १९७६ चं, आपल्यापेक्षा वयानं मोठं. त्याला फोल्डरच्या नावातली मोकळी जागा दिसली की वाटतं नाव तिथेच संपलं. आणि मुलांची फोल्डरं कशी? "दहावी अ", "माझा प्रकल्प", "नवीन फोल्डर दोन". आम्ही सगळीकडे जोडरेघ घालायला लावली. एका सातवीतल्या मुलानं विचारलं, इतकं जुनं आहे तर बदलत का नाहीत? मी म्हटलं, तू बदल. त्यानं ते गंभीरपणे वहीत लिहून घेतलं.

आपण वर्गणी काढली तेव्हा सगळा हिशेब यंत्रांचा केला: किती कॉम्प्युटर, किती खुर्च्या, यूपीएस. मीही त्या बैठकीत होते आणि माझ्याही लक्षात आलं नाही की त्या यंत्रांवर मुलं स्वतः काही बनवू शकतील एवढी तरी मांडामांड करायला माणसाचे दोन-तीन दिवस लागतात, आणि वर्षातून एकदा पुन्हा लागतात. पुढच्या वर्गणीत तेवढ्या प्रवासखर्चाची तरतूद करावी अशी माझी खजिनदारांना जाहीर विनंती आहे. ते मान हलवताहेत. होकाराची की नकाराची ते चहाच्या वेळी बघू.

सरांना आणखी एक दाखवायचं होतं. ही वही. त्या मुलीनं लिहिली आहे, मराठीत. डाव्या पानावर पडद्यावर येणारी पहिली लाल ओळ जशीच्या तशी, उजव्या पानावर तिचा अर्थ आणि काय करायचं. पायथॉन सापडत नाही, कंपायलर सापडत नाही, क्रमांक जुळत नाही, साचा जुळत नाही, डिस्कवर जागा नाही, खिडकी नवी उघड. आत्तापर्यंत तेवीस पानं झाली आहेत. पहिल्या पानावर तिनं फक्त तीन शब्द लिहिले आहेत, लाल पेननं गोल करून: "आधी वर बघ."

सर, ती तुमच्या हाताखाली शिकलेली नाही. तुम्ही निवृत्त झालात तेव्हा ती बालवाडीतही नसेल.

वही आणि पेनड्राइव्ह दोन्ही मी लॅबच्या बाईंकडे देते आहे. पेनड्राइव्हवरचा लग्नाचा व्हिडिओ काढला आहे. बाई, नोडची आवृत्ती बदलली की वहीत तारीख टाकायची आणि पान नवीन घ्यायचं, एवढंच. आणि नवीन लाल ओळ आली, जी वहीत नाही, तर शेवटच्या पानावर दोन फोन नंबर आहेत. पहिला तिचा आहे. माझा दुसरा.